वाट विचारीत जावे

माउली, आपल्यापैकी बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केले आहे. वाळवंटात उभे राहून पुंडलिकाला हात जोडले आहेत, ओंजळभर पाणी कपाळाला लावले आहे. मीही लावले आहे, २२ वेळा. पण हे पाणी निघते कोठून, ते एकदा जाऊन पाहावे, असे मला त्या २२ वर्षांत कधीच वाटले नाही. आणि ती जागा माझ्या घरापासून फार लांब नाही. दोन तास एसटीचे आणि सात-आठ किलोमीटर पायांचे, एवढेच अंतर आहे.

मी राजगुरुनगरचा. आम्ही जुनी माणसे अजून खेडच म्हणतो. भीमा आमच्या गावाला लागून वाहते. हीच भीमा पुढे तुळापूरला इंद्रायणीला भेटते, म्हणजे देहू-आळंदीचे पाणी तिथे तिच्यात येते. मग मुळा-मुठा येते, उजनीचे धरण लागते, नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते, आणि पंढरीपाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. नाव बदलते, पाणी तेच. हे सगळे मला पाठ होते. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली, पत्ते पाठ असणे हे माझे कामच. पण पत्ता पाठ असणे वेगळे आणि त्या घरी जाणे वेगळे.

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या गुडघ्यांनी जवाब दिला. डॉक्टर म्हणाले, "काका, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर डांबरावरून चालायचं, रात्री जमिनीवर निजायचं, हे आता नको. चालणं सोडू नका. रोज थोडं चाला, मातीवरून चाला. चढण हळूहळू चढलात तर चालेल, उतार मात्र टाळा." मी मान हलवली, पण ऐकले फक्त पहिले वाक्य.

खरे सांगतो. ज्या दिवशी आमची दिंडी निघाली, त्या दिवशी मी वीणेकऱ्यांच्या पाया पडायलाही बाहेर आलो नाही. पोट दुखते म्हणून आतल्या खोलीत पडून राहिलो. टाळांचा आवाज वेशीपर्यंत गेला आणि विरला. तुम्हाला वाटेल, विठ्ठलाची भेट चुकली म्हणून हा रडत असेल. तसे नव्हते. माझा २३ चा आकडा चुकला होता. लग्नकार्यात, दशक्रियेत, पारावर, कुणी गळ्यातली माळ पाहून "वारी करता का?" विचारले, की मी "बावीस झाल्या" म्हणत असे. ते २२ तिथेच अडकून पडणार, हे मला सोसत नव्हते. आपल्यातही कुणी असे मोजत असेल, तर रागावू नका. मी फक्त माझे सांगतो आहे.

आषाढ गेला, चातुर्मास अर्धा सरला, माझी चिडचिड काही सरेना. कोजागिरी झाली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या मंडळींनी विषय काढला.

"अहो, भोरगिरीला जाऊ या का? शेजारच्या पोरी तिथनं भीमाशंकरला चालत गेल्या होत्या. सगळी रानातली मातीची वाट आहे म्हणतात. चढच आहे, उतार नाही. वरून परतीला एसटी मिळते. तुमच्या डॉक्टरांनी हेच सांगितलंय ना?"

म्हणजे डॉक्टरांचे पुढचे वाक्य तिने ऐकले होते.

सकाळची गाडी धरली. माझे वय ६६, त्यामुळे मला निम्मे तिकीट. २०२३ पासून बायकांनाही एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे तिलाही निम्मे. दोन अर्धी मिळून एक पूर्ण तिकीट झाले. आपल्यापैकी ज्यांची पंचाहत्तरी उलटली आहे, त्यांना तर २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफतच आहे. तेव्हा पैशाची अडचण कुणी सांगू नये.

गाडीत शाळेची पोरे होती, बाजारातून परतणाऱ्या बाया होत्या, एका म्हाताऱ्या बाबांच्या मांडीवर कोंबडीची पाटी होती. चास मागे पडले आणि चासकमान धरणाचे पाणी दिसू लागले. वाडा गाव गेले. मग डोंगर जवळ आले आणि भातखाचरे सुरू झाली. भात पिकायला आले होते, खाचरांवर पिवळी छटा चढली होती. एका ठिकाणी ना थांबा ना पाटी, पण चालकाने गाडी उभी केली. लांबून बांधावरून एक आजी येत होत्या. त्या येऊन चढेपर्यंत गाडी उभी. कुणी कुरकुर केली नाही. दिंडीत मागे पडलेल्यासाठी अशीच थांबण्याची रीत असते, ती मला गाडीत दिसली.

वाहक तिकिटे फाडत आला. माझ्या गळ्यातली माळ पाहून म्हणाला, "माउली, वारी किती वर्षं?"

"बावीस," मी ताठ बसून म्हणालो.

"वा! आणि आक्का, तुमच्या?"

ती हसून म्हणाली, "माझी एकही नाही. पण ह्यांची पिशवी बावीस वेळा भरलीय मी."

आसपासचे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर गाडीतून खाली उतरले.

भोरगिरीला नदीकाठी कोटेश्वराचे जुने देऊळ आहे. तिथे पाया पडलो, शिदोरी आणि पाण्याच्या बाटल्या सारख्या वाटून घेतल्या आणि निघालो. आमच्या खेडला जी भीमा पावसाळ्यात पूल हलवते की काय असे वाटते, ती इथे दगडांवर पाय ठेवून ओलांडता येते. मी मध्येच थांबून पाहिले. पोटरीएवढे पाणी, तळाचा वाळूचा कण न् कण दिसत होता. दूध घेऊन चाललेल्या पोरीसारखी नदी घाईघाईने, पण न सांडता चालली होती.

खाचरे संपली आणि रान सुरू झाले. वाचकहो, दिंडीच्या वाटेवर आपल्या डोक्यावर बहुधा ऊन असते, नाहीतर पाऊस. इथे डोक्यावर पाने होती. हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा, फणस, एकाच्या फांद्या दुसऱ्यात गेलेल्या. उघड्या कातळावर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. वाटेवर कुजक्या पानांचा थर, त्यावर पाऊल पडले की आवाजच होत नाही. गुडघ्याला माती कशी मऊ लागते, ते डांबरावर चाललेल्यालाच कळेल. हे सगळे रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्य म्हणून राखलेले आहे, साधारण १३० चौरस किलोमीटरचे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळी लोकांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या. देवराईतले झाड तोडायचे नाही, एवढा एकच नियम. कीर्तनात आपण देव चराचरात आहे असे ऐकतो. इथल्या माणसांनी ते कुऱ्हाड खाली ठेवून दाखवले.

चालताना मनात आले, आपले संत रानात का गेले असतील? तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. निवृत्तिनाथ लहान असताना ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि वाट चुकलेल्या त्या मुलाला गहिनीनाथांची गुहा सापडली, अशी कथा आपण ऐकत आलो. वाट चुकली म्हणून गुरू भेटले. आणि चांगदेव! १४०० वर्षांचे आयुष्य मोजत, वाघावर बसून आलेले चांगदेव. त्यांना शेवटी कुणापुढे वाकावे लागले? मुक्ताबाईपुढे. कोवळ्या वयाच्या मुलीपुढे. ही कथा मी शंभरदा ऐकली असेन आणि शंभरदा माना डोलावल्या असतील. मनात मात्र चांगदेव म्हणजे दुसरा कुणीतरी. त्याचे १४०० आणि माझे २२, यांचा काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

दुसरा ओढा ओलांडल्यावर वाटेला फाटा फुटला. उजवीकडची वाट बारीक होती, डावीकडची रुंद. मी डावीकडे वळलो.

"अहो, थांबा. कुणी दिसलं तर विचारू या."

"इथं कोण आहे विचारायला? मला वाट कळते. बावीस वर्षं चाललोय मी."

ती काही बोलली नाही, मागून येत राहिली. अर्धा तास गेला. रुंद वाट आखूड होत गेली, मग नुसत्या गुरांच्या पावलांची झाली, आणि शेवटी माणसाच्या उंचीच्या कारवीत शिरून संपली. पुढे कारवी, मागे कारवी. मी काठीने झुडपे बाजूला करून पाहिले, एका दगडावरून पाय घसरला आणि गुडघ्यातून कळ आली. खाली बसलो. घाम पुसला. सूर्य डोक्यावर होता, वरची गाडी गाठायची होती, आणि आपण कुठे आहोत ते कळत नव्हते.

तिथे बसल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. वाट शोधायची वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आलीच नव्हती. वारीत पुढे पताका असते. तिच्यामागे चालायचे. कुठे विसावा, कुठे जेवण, कुठे मुक्काम, सगळे ठरलेले. पाण्याचा टँकर मागे, सामानाचा ट्रक पुढे, गावोगावची माणसे हातात भाकरी घेऊन उभी. मी चाललो हे खरे, पण मला चालवले होते शेकडो जणांनी. आणि मी काय सांगत फिरलो? 'मी बावीस वर्षं चाललो.'

गुडघा चोळत मी हा हिशेब करीत होतो, तेवढ्यात मंडळी उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तिने साद घातली, "ओ माऽऽउली!"

रान गप्प. तिने पुन्हा साद घातली. तिसऱ्या हाकेला खालच्या अंगाने उत्तर आले, "आलेऽऽ!"

थोड्या वेळाने कारवी हलली आणि एक बाई वर आल्या. साठीच्या असतील. डोक्यावर वाळक्या जळणाची मोळी, कमरेला कोयता, पाय अनवाणी. आम्हाला पाहून त्यांनी मोळी खाली टाकली.

"कुनीकडं निघालाय?"

"गुप्त भीमाशंकर. वाट चुकलो."

"चुकला न्हाई. इचारली न्हाई तुमी," त्या सहज म्हणाल्या. "ही गुरांची वाट हाय. चला."

मोळी तिथेच ठेवून त्या पुढे निघाल्या. मी "तुमचं काम खोळंबेल" म्हणालो, तर म्हणाल्या, "जळान कुठं पळून जातंय?" पुढे त्या, मध्ये आमची मंडळी, मागे मी. वाटेत त्या एकेक दाखवीत होत्या. हा हिरडा. उन्हाळ्यात याचे कोवळे फळ, बाळहिरडा, वेचून वाळवायचा आणि विकायचा. त्यावर घरात वर्षाचे मीठमिरची येते. वर पाहा, तो पानाकाटक्यांचा गोळा दिसतो ना, ते शेकऱ्याचे घर. मी मान वर केली, आणि त्याच वेळी बाजूच्या फांदीवरून एक तांबूस जनावर सरकले, मांजराएवढे, लांब झुबकेदार शेपटीचे. क्षणभर थांबले आणि भलीमोठी उडी घेऊन पलीकडच्या झाडात नाहीसे झाले. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. मधली चार झाडे तोडली, की त्याची वाट मोडली.

फाट्याशी आलो. आता उजवीकडची बारीक वाट. मंडळींनी त्या बाईंना विचारले, "मावशी, पंढरपूरला गेलात का कधी?"

"न्हाई बा. कधी जायाचं? भात लावायचं दिस असत्यात तवा." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पानी जातंय की आमचं."

मी पाकीट काढले. त्यांनी हात मागे घेतला. मंडळींनी शिदोरीतल्या दोन भाकरी आणि ठेचा पुढे केला, तो मात्र त्यांनी कपाळाला लावून घेतला. माझ्या तोंडून "रामकृष्णहरी" निघाले. त्यांनीही हात जोडले आणि जळणाच्या दिशेने परत गेल्या. त्यांचे नाव विचारायचे राहिले.

पुढचा चढ मी काही न बोलता चढलो. तासाभरात पाण्याचा आवाज आला. झाडांच्या गर्दीत काळा कातळ, त्यावरून उतरणारी पाण्याची धार आणि त्या धारेखाली महादेवाची पिंड. हेच गुप्त भीमाशंकर. देवळापाशी उगम पावलेले पाणी मध्ये दिसेनासे होऊन इथे पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, असे आपण मानतो. इथे पाहिले तर शिवाच्या पायापासून निघालेले पाणी विठ्ठलाच्या पायाशी जाते. हरी आणि हर यांच्यात भेद करायला नदीने जागाच ठेवलेली नाही.

मंडळींनी चपला काढल्या, पाण्यात उतरली, ओंजळ भरली. बराच वेळ ती तशीच उभी होती. बोटांतून पाणी गळत होते. मी काठावर बसलो होतो. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "एवढी वर्षं, तू कधी वारीला का आली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

रागाने नाही. घरात मीठ संपले आहे हे ज्या आवाजात सांगावे, त्या आवाजात.

वाचकहो, त्या क्षणी मला काय काय आठवले, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आषाढी येते तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. मुलांची दप्तरे, फिया, गणवेश कुणी पाहिले? माझी आई नऊ वर्षे अंथरुणावर होती. मी हरिपाठ म्हणत दिवे घाट चढत होतो, तेव्हा तिची कूस कुणी बदलली? गाय कुणी पिळली? आणि दिंडीतल्या बाया दरवर्षी मला विचारीत, "काका, काकूंना नाही आणलंत?" त्यांना मी काय सांगत असे? "तिला आवड नाही हो." बावीस वर्षे मी माउलींच्या पालखीमागे चालताना हे खोटे बोललो. खोटे आहे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. जसा त्या फाट्यावर न विचारता वळलो, तसाच.

मी पाण्यात उतरलो. म्हणालो, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "पाय जपून टाका, शेवाळ आहे," आणि हात पुढे केला.

तिथल्या कातळाच्या कपारीत कुणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटे खोचून ठेवली होती. आम्ही ती वेचून शिदोरीच्या पिशवीत भरली. चंद्रभागा मैली झाली म्हणून आपण हळहळतो. पण नदीचा पहिला घोट जिथे आहे तिथेच आपण कचरा टाकला, तर पुढच्यांना दोष कसा द्यावा? तुम्ही गेलात तर एक रिकामी पिशवी जरूर न्या.

तिथून देऊळ जवळ आहे. ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतले, गर्दी होती. संध्याकाळची गाडी मिळाली. घोडेगाव, मंचर करीत गाडी खेडकडे निघाली. डिंभे धरणाच्या पाण्यावर अंधार पडत होता. मंडळींना झोप लागली, डोके माझ्या खांद्यावर आले. खेड यायच्या आधी ती जागी झाली, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या आषाढीला तू दिंडीबरोबर जाशील का?"

ती काही वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "आणि घर?"

"मी आहे."

"नातवाचा डबा?"

"मी आहे म्हटलं ना."

ती 'हो' म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, तर ती अंगणात टाचा उचलून पायांचा व्यायाम करीत होती.

यंदाच्या ज्येष्ठात तिची पिशवी मी भरली. भरून झाल्यावर तिने ती उघडली आणि पुन्हा भरली, कारण मी तिच्या गुडघ्याच्या तेलाऐवजी माझ्याच मलमाची बाटली घातली होती, आणि पावसाचे इरले विसरलो होतो. २२ वर्षांत माझ्या पिशवीत एकदाही काही विसरले नव्हते. वीणेकऱ्यांच्या पाया पडायला मी यंदा वेशीपर्यंत गेलो. ती पताकांमध्ये दिसेनाशी झाली आणि मी घरी येऊन डाळ-तांदूळ निवडायला बसलो.

घर सांभाळणे म्हणजे काय, ते त्या दिवसांत मला थोडे कळले. सकाळी साडेसहाला नातवाचा डबा. पोळ्या जमेनात म्हणून भाकरी, भाकरी जमेना म्हणून पोहे. तुळशीला पाणी, देवपूजा, दळण, दारी येणारा-जाणारा. चार दिवसांत पाठ धरली. टीव्हीवर पालखी दिसली की मी तिला गर्दीत शोधत असे. सासवडहून तिचा फोन आला. "अहो, दिवे घाट चढले बरं का. काही अवघड नाही. आपल्या भोरगिरीच्या वाटेपेक्षा सोपा, फाटेच नाहीत!" मी विचारले, "पाय दुखतात का?" ती म्हणाली, "दुखतात. पण इथं बाया रात्री एकमेकींचे पाय दाबतात." मग थोडे थांबून, "तुम्ही जेवलात का?"

एकादशीच्या सकाळी मी नदीवर गेलो. वर पाऊस चांगला झाला होता, भीमा गढूळ आणि भरलेली होती. गुप्त भीमाशंकरच्या कातळावरून निघालेले पाणी धरणाच्या दारांतून, खेडच्या घाटावरून, तुळापुरी इंद्रायणीला घेऊन, उजनीच्या पोटातून पंढरीला पोहोचायला त्याला किती दिवस लागतील, मी मोजले नाही. ओंजळ भरली, कपाळाला लावली. ती तिकडे त्याच नदीत उभी असेल, एवढे पुरे होते.

आता आपल्याला विनंती. ज्यांना वारीचे चालणे आता झेपत नाही, त्यांनी खिन्न होऊ नये. एसटीने दोन-तीन तासांत गाठता येईल असे एखादे रान, एखादा उगम, एखादी देवराई आपल्या जिल्ह्यातही असेल. आगारात जाऊन गाडीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तर नक्कीच; वेळा बदलत असतात. भर पावसात ओढे फुगतात, वनखाते काही वाटा बंदही ठेवते, म्हणून आश्विन-कार्तिकात जावे. सकाळी लवकर निघावे, काठी आणि दोन माणसांपुरते पाणी बरोबर असावे, अंधार पडायच्या आत गाडी गाठावी. एकट्याने जाऊ नये. फाट्यावर आलात की विचारावे. आणि निघण्यापूर्वी घरात, जे माणूस कधी कुठे गेले नाही, त्याला आधी विचारावे.

द्वादशीनंतर दिंडी परतली. मंडळींचा चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि मी तिला इतकी हसताना फार वर्षांनी पाहिले. पारावर एका पाहुण्याने माझी माळ पाहून विचारले, "माउली, वाऱ्या किती झाल्या?"

मी म्हणालो, "आमच्या घरच्या मंडळींची यंदा पहिली झाली."

रामकृष्णहरी.